पित्ताच्या औषधांचा क्लेम फेटाळला, तर आधी नकाराचं कलम मागा

प्रश्न थोडक्यात असा. वडील ५८ वर्षांचे, राहणार राजारामपुरी. रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून कोल्हापुरातल्याच एका खासगी रुग्णालयात नेलं, तीन दिवस ॲडमिट होते. ईसीजी, ट्रोपोनिन, इको सगळं नॉर्मल आलं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ग्रेड बी सूज आणि लहानसा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) निघाला. रुग्णालयाचं बिल कॅशलेसमध्ये मंजूर झालं. घरी आल्यावर आठ आठवडे चाललेल्या औषधांचा आणि तपासणी फीचा ५,१३० रुपयांचा क्लेम मात्र टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने) ईमेलवर दोन ओळींत फेटाळला: 'औषधे ओपीडी स्वरूपाची असून भरतीच्या कारणाशी संबंधित नाहीत. अँटासिड व सप्लिमेंट देय नाहीत.' पॉलिसीचं तिसरं वर्ष चालू आहे. आता काय करायचं?

यातला मोठा भाग मिळण्यासारखा आहे. पण त्याआधी वडिलांच्या तब्येतीचं एक सांगतो, कारण क्लेम अडकला की घरोघरी हीच चूक होते. पैसे मिळणार नाहीत म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नका. अन्ननलिकेची सूज भरून यायला साधारण आठ आठवडे लागतात. जळजळ मात्र आठ-दहा दिवसांतच थांबते, म्हणून माणसाला वाटतं की बरं झालं. रॅबेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीची गोळी बरेच दिवस घेऊन एकदम सोडली तर काही दिवस आम्ल उलट जास्त सुटतं आणि त्रास पुन्हा उफाळतो. सोडायची कशी आणि कधी, हे डॉक्टरांनाच विचारा. महाग पडत असेल तर त्यांच्याकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रातून घ्या. तिथलं बिलही क्लेमला चालतं. आणि छातीतलं दुखणं पुन्हा आलं, हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, तर 'मागच्या वेळी पित्तच निघालं होतं' म्हणून घरी थांबू नका.

आता क्लेमकडे. आपल्याकडची साधी मेडिक्लेम पॉलिसी ही रुग्णालयात भरती होण्याच्या खर्चाची पॉलिसी असते. एरवी दवाखान्यात जाऊन आणलेल्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. अपवाद दोन. पॉलिसीत ओपीडीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तर, किंवा औषध भरतीच्या आधीच्या-नंतरच्या ठरलेल्या दिवसांत बसत असेल तर. आरोग्य संजीवनी पॉलिसीत हे दिवस भरतीआधीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० असतात. इतर पॉलिसींत ६० आणि ९०, कुठे त्याहून जास्त. तुमचा आकडा पॉलिसीसोबत आलेल्या कस्टमर इन्फर्मेशन शीटवर छापलेला असतो, तो आधी बघा.

डिस्चार्जनंतरचा खर्च मिळण्यासाठी अटी दोनच, आणि त्यांची व्याख्या विमा नियामकाने (आयआरडीएआयने) सगळ्या कंपन्यांसाठी सारखीच ठरवून दिली आहे. खर्च ज्या आजारासाठी भरती व्हावं लागलं त्याच आजाराचा हवा, आणि भरतीचा मूळ क्लेम मान्य झालेला हवा. तुमची दुसरी अट कॅशलेस मंजूर झालं तेव्हाच पूर्ण झाली. म्हणजे सगळी लढाई पहिल्या अटीवर आहे, 'तोच आजार' या दोन शब्दांवर. 'ओपीडी स्वरूपाची औषधे' हे कारण तर टिकतच नाही. डिस्चार्जनंतर घरी घेतलेलं प्रत्येक औषध ओपीडीचंच असणार, आणि त्यासाठीच तर हे ६० दिवस दिलेले आहेत.

मग टीपीएला संबंध का दिसला नाही? कारण कॅशलेसच्या पहिल्या फॉर्मवर 'छातीत दुखणे, हृदयविकाराची शंका' असं लिहिलेलं असतं. फाइल तपासणाऱ्याने भरतीचं कारण तिथून उचललं, औषधाच्या चिठ्ठीवर पित्ताची गोळी बघितली आणि 'संबंध नाही' असा शेरा मारला. डिस्चार्ज कार्ड काढून 'अंतिम निदान' ही ओळ वाचा. तिथे रिफ्लक्स इसोफेजायटिस (आम्ल वर येऊन अन्ननलिकेला आलेली सूज), ग्रेड बी असं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. छातीत दुखणं हे लक्षण होतं, आजार अन्ननलिकेचा होता, आणि गोळी त्या आजाराचीच आहे. पण कार्डावर अंतिम निदानही 'छातीत दुखणे, तपासाधीन' असंच राहिलं असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्राशिवाय पुढे जाऊ नका. एंडोस्कोपीचा रिपोर्ट कार्ड तयार झाल्यावर हाती आला की असं हमखास होतं.

हे प्रमाणपत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह आणि सही-शिक्क्यानिशी घ्या. टीपीएचा डॉक्टर वाचणार असल्यामुळे इंग्रजीत असलेलं बरं. मजकूर चार वाक्यांचा पुरतो. रुग्ण अमुक ते अमुक तारखेला छातीत दुखण्याच्या तक्रारीसाठी भरती होता. तपासणीत हृदयविकार आढळला नाही, एंडोस्कोपीत अन्ननलिकेला रिफ्लक्समुळे ग्रेड बी सूज आढळली आणि दुखणं त्यामुळेच होतं. त्यासाठी डिस्चार्जपासून आठ आठवडे पुढील औषधं दिली, आणि इथे प्रत्येक औषधाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस. शेवटी, ही औषधं त्याच आजाराच्या उपचाराचा भाग आहेत. 'टू हूम सो एव्हर' छापाचं 'हा रुग्ण माझ्या उपचाराखाली होता' एवढंच सांगणारं पत्र उपयोगाचं नाही.

यानंतर चिठ्ठ्या आणि बिलं एकमेकांना लावून बघा. माझ्या मते पित्ताच्या औषधांचे क्लेम सर्वात जास्त इथेच मरतात. डिस्चार्ज कार्डावर बहुधा '१-०-०, १५ दिवस' असं असतं. पंधरा दिवसांनी दाखवायला गेलं की डॉक्टर केसपेपरवर फक्त 'सीएसटी' लिहितात, म्हणजे तेच उपचार चालू ठेवा. औषध दुकानदाराला ते कळतं, तो पुढच्या सहा आठवड्यांच्या गोळ्या देतो. टीपीएच्या टेबलावर मात्र तुमच्याकडे १५ गोळ्यांची चिठ्ठी आणि ६० गोळ्यांचं बिल असतं. त्यामुळे ४५ गोळ्या कापल्या जातात, नाहीतर सगळंच बिल उडतं. 'सीएसटी'च्या जागी औषधांची नावं आणि दिवस लिहिलेली चिठ्ठी हवी. ती त्या वेळी घेतली नसेल तर वरच्या प्रमाणपत्रात दोन्ही तपासण्यांच्या तारखा आणि त्या-त्या दिवशी दिलेलं औषध नमूद करून घ्या. जुन्या तारखेची नवी चिठ्ठी मागू नका आणि कोणी दिली तरी घेऊ नका. रुग्णालयाच्या ओपीडी नोंदीशी ती जुळली नाही तर चांगला क्लेम बनावट ठरतो.

दिवसांचं गणितही करून ठेवा. समजा डिस्चार्ज ५ जुलैला झाला. साठ दिवस धरले तर मुदत ३ सप्टेंबरला संपते. रोज एक कॅप्सूल, आठ आठवडे म्हणजे ५६ कॅप्सूल, शेवटची ३० ऑगस्टला. म्हणजे तुमचा पूर्ण कोर्स मुदतीत बसतो. दहाच्या पाकिटांमुळे ६० घ्याव्या लागल्या तर चार कॅप्सूलवरून कोणी वाद घालत नाही, घातलाच तर तेवढे सोडून द्या. पण मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत पुढच्या तीन महिन्यांचा साठा उचलला, तर तो कापला जातो आणि बाकीच्या बिलांवरही संशय येतो.

बिल पक्कं हवं. दुकानाचा परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक, रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक आणि एक्स्पायरी. रुग्णाच्या नावाच्या जागी 'कॅश' किंवा मुलाचं नाव असेल तर दुकानदाराकडून त्याच बिलाची दुरुस्त प्रत काढून घ्या. संगणकावर बिल करणाऱ्या दुकानांना हे दोन मिनिटांचं काम आहे. पेनाने खाडाखोड करू नका.

आता नकाराचा दुसरा भाग, 'अँटासिड व सप्लिमेंट'. हे कलम खरोखर आहे, सर्व कंपन्यांच्या पॉलिसीत 'अपवर्जन १४' (एक्सक्लूजन १४) या क्रमांकाने येतं. त्यात म्हटलंय की जीवनसत्त्वं, खनिजं, आहारपूरक आणि चिठ्ठीशिवाय विकत मिळणाऱ्या वस्तू देय नाहीत. पण वाक्य तिथे संपत नाही. भरतीच्या किंवा डे-केअरच्या (त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या उपचाराच्या) क्लेमचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतील तर त्या या बंदीतून वगळल्या आहेत. नकाराच्या पत्रात हा उत्तरार्ध सहसा गायब असतो. तुम्ही तो पूर्ण उतरवून काढा.

रॅबेप्राझोलचं तर या कलमाशी नातंच नाही. कॅप्सूलची पट्टी उलटी करून बघा. उभी लाल रेघ आणि 'नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करू नये' या अर्थाची सूचना छापलेली असते. हे चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे, त्याला किराणा दुकानात मिळणाऱ्या जेलच्या बाटलीसोबत एका ओळीत बसवता येत नाही. पट्टीचा स्वच्छ फोटो काढून अर्जाला जोडा. साध्या फोटोने वाद मिटतो.

तुमच्या बिलांची फोड करून बघू. रॅबेप्राझोल-इटोप्राइडच्या ६० कॅप्सूल १,७४० रुपये, सुक्राल्फेटच्या बाटल्या ७५०, फेरतपासणीची दोनदा फी १,२००. हे झाले ३,६९०. यावर ठाम राहा, पैसाही सोडू नका. अँटासिड जेल ४८० रुपये, प्रोबायोटिक आणि मल्टिव्हिटॅमिन ९६०. जेल डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल तर अपवर्जन १४ च्या उत्तरार्धावर बोट ठेवून तेही मागा. प्रोबायोटिक आणि मल्टिव्हिटॅमिन मात्र अन्ननलिकेच्या सुजेवरचं औषध आहे असं कुठलाही डॉक्टर प्रामाणिकपणे लिहून देणार नाही. ते ९६० सोडलेले बरे. भांडण जितकं नेमकं, तितकं ते लवकर सुटतं.

अर्ज विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला करा, टीपीएला नव्हे. टीपीए हा कंपनीचा कामकाज बघणारा मध्यस्थ, क्लेम नाकारायचा की नाही हा निर्णय कंपनीचा. २९ मे २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार तीन सदस्यांच्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, आणि पूर्ण किंवा अंशतः नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट कळवावी लागते. दोन ओळींच्या ईमेलमध्ये यातलं काहीच नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करायची. मजकूर साधारण असा ठेवा:

'पॉलिसी क्रमांक अमुक, क्लेम क्रमांक अमुक. माझ्या वडिलांचा डिस्चार्जनंतरच्या खर्चाचा क्लेम अमुक तारखेच्या ईमेलने नाकारण्यात आला. त्यात पॉलिसीचे कोणते कलम लावले ते नमूद नाही. भरतीचा मूळ क्लेम आपण मंजूर केला आहे. अंतिम निदान रिफ्लक्स इसोफेजायटिस असून औषधे त्याच आजाराची, डिस्चार्जपासून ६० दिवसांच्या आतली आहेत. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, एंडोस्कोपी अहवाल, डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठ्या व बिले सोबत जोडली आहेत. अपवर्जन १४ हे चिठ्ठीवर विकल्या जाणाऱ्या औषधांना लागू होत नाही. ४,१७० रुपये मंजूर करावेत. नकार कायम ठेवायचा असल्यास पॉलिसीतील कलम व क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या निर्णयाची माहिती लेखी द्यावी.'

(३,६९० मध्ये जेलचे ४८० धरून ४,१७०.) रागाचं एकही वाक्य नको, वडिलांच्या वयाचं, हप्ता किती वर्षं भरला याचंही नको. समोरचा माणूस कलम शोधत असतो, त्याला कलमच द्या.

ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. कोल्हापुरात कंपनीची शाखा असेल तर छापील प्रत तिथे देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एजंटच्या हातात कागद देऊन निश्चिंत होऊ नका. तो मदत करेल, पण मुदत हुकली तर नुकसान तुमचं. त्याच वेळी नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, किंवा १५५२५५ या क्रमांकावर फोन करून. पोर्टल स्वतः निवाडा करत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते. पण ती नियामकाच्या नोंदीत चढते, त्यामुळे उत्तर यायला लागतं.

कंपनीने १४ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. एक महिना उलटूनही उत्तर नाही, किंवा उत्तर नकाराचंच आहे, तर विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. चार हजारांसाठी पुण्याच्या खेपा होतील या भीतीने लोक इथे थांबतात, ती भीती सोडा. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. निवाडा तुमच्या बाजूने लागून कंपनीने ३० दिवसांत अंमल केला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षांची. पण क्रम उलटा करू नका. प्रकरण आयोगात चालू असेल तर लोकपाल ते ऐकत नाही. लोकपालाच्या निवाड्याने समाधान झालं नाही तर आयोगात मात्र जाता येतं.

कागद उशिरा दिले म्हणून नाकारलं, असंही पुष्कळदा होतं. डिस्चार्जनंतरच्या उपचारांचे कागद ते उपचार संपल्यापासून बहुतेक पॉलिसींत १५ दिवसांत द्यायचे असतात. उशिराला खरं कारण असेल तर केवळ उशीर या एका मुद्द्यावर प्रामाणिक क्लेम नाकारू नये, असं नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. कारण लेखी द्या, पुरावा जोडा.

आणखी दोन गोष्टी, तुमच्या वडिलांच्या फाइलमध्येच दडलेल्या. पहिली हायटस हर्निया. बऱ्याच पॉलिसींत 'सर्व प्रकारचे हर्निया' आणि 'जठर व लहान आतड्याचा अल्सर' यांना २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो. तुमची पॉलिसी तिसऱ्या वर्षात आहे, म्हणून तो मुद्दा निघणार नाही. पण पॉलिसी नवी असलेल्याच्या रिपोर्टवर हा शब्द आला की क्लेम तिथेच अडतो. त्यावर उत्तर असं, की हर्निया तपासणीत सहज दिसलेली गोष्ट आहे, त्यावर उपचार झालेच नाहीत, उपचार सुजेवर झाले. हेही डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. भरतीच्या रात्री निवासी डॉक्टर विचारतात, 'आधी कधी पित्ताचा त्रास?' आपला माणूस म्हणतो, 'हो, मिसळ खाल्ली की जळजळतं, पाच-सहा वर्षं झाली.' केसपेपरवर उमटतं, 'एपीडी (म्हणजे आम्लपित्ताचा आजार), पाच वर्षांपासून.' मग कंपनी म्हणते आजार आधीचा होता, तुम्ही लपवला. पॉलिसीच्या भाषेत आधीचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ठरलेल्या काळात, आताच्या नियमात ३६ महिन्यांत, डॉक्टरांनी निदान केलेला किंवा ज्यावर डॉक्टरांचा सल्ला वा उपचार झाला असा आजार. घरी सोडा किंवा जेल घेऊन निभावलेली अधूनमधूनची जळजळ त्यात बसत नाही. हाच मुद्दा लेखी मांडा आणि डॉक्टरांकडून खरा इतिहास लिहून घ्या. डॉक्टरकडे आधी खरंच उपचार चालू होते, तर ते लपवू नका. प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो, तो संपण्याची वाट बघा. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याचा मुद्दा कंपनीला काढता येत नाही.

ज्यांना भरती व्हावंच लागलं नाही, दवाखान्यात तपासून महिनोन्‌महिने गोळ्या चालू आहेत, त्यांना साध्या पॉलिसीतून हे पैसे मिळणार नाहीत. अशा वेळी 'एक दिवस ॲडमिट दाखवू' असं सुचवणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. फसवणूक ठरली तर पॉलिसी रद्द होते, आणि साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं किती अवघड असतं हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी असेल तर तिथे मागा. तिथे व्होनोप्राझनसारख्या नव्या गोळीवर हरकत आली, तर आधी कोणती गोळी किती आठवडे घेतली आणि का उपयोग झाला नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन जोडा. घरातलं कोणी शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कामाला असेल आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असेल, तर पगारपत्रकावर ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) कपात आहे का बघा. त्या योजनेत भरती न होता घेतलेल्या उपचारांची औषधंही मिळतात, आणि कामगारावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही मिळू शकतात. हे कार्ड वर्षानुवर्षं पाकिटात पडून असतं.

मूळ बिलं पाठवण्याआधी सगळ्याचे स्कॅन काढा. औषध दुकानांची बरीच बिलं थर्मल कागदावर असतात, पाच-सहा महिन्यांत अक्षरं उडतात. प्रकरण लोकपालापर्यंत जायचं असेल तर तोवर हातात कोरा कागद उरतो. आज संध्याकाळीच त्यांच्या झेरॉक्स काढून डिस्चार्ज कार्डाच्या मागे तारखेप्रमाणे लावून ठेवा, आणि उद्या सकाळी प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांकडे जाताना हीच फाइल सोबत न्या.